मोटारघर दारात, मुक्काम कुठे?

फ्रान्सच्या ग्रामीण भागात संध्याकाळच्या वेळी हमखास दिसणारे एक दृश्य आहे. द्राक्षमळ्याच्या कडेला एक लांबट पांढरी गाडी येऊन थांबते. गाडीतून एक प्रौढ जोडपे उतरते आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचा कुत्रा. मळ्याच्या मालकाशी दोन शब्द होतात, तळघरातल्या वाइनची चव घेतली जाते, वाटलेच तर दोन बाटल्या विकत घेतल्या जातात आणि रात्र तिथेच गाडीत काढून मंडळी सकाळी पुढच्या गावाची वाट धरतात. हॉटेलचे आरक्षण नाही, जेवणाच्या वेळेचे बंधन नाही आणि कुत्र्याला कुणाच्या भरवशावर ठेवून यायचे ही विवंचनाही नाही. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत कीव करण्यासाठी वापरली जाते. तिथे ती हौस आहे.

भारताची वाइन राजधानी म्हणून मिरवणाऱ्या नाशिकला या चित्राची भुरळ पडावी, हे स्वाभाविकच होय. द्राक्षमळे आहेत, गंगापूर धरणाचा जलाशय आहे, त्र्यंबक-अंजनेरीचे डोंगर आहेत आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता जिल्ह्यातून अखंड धावतो आहे. कुत्रा पाळणाऱ्या शहरी कुटुंबांची संख्या डोळ्यांदेखत वाढली आहे. मग मुंबई-पुण्याचे कुटुंब आपल्या कुत्र्यासह चालत्या घरातून दिंडोरी, निफाड, इगतपुरी का हिंडणार नाही, असा प्रश्न पर्यटन व्यवसायातले लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र गाडीत शोधले जात आहे, आणि गफलत नेमकी तिथे आहे.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी ‘केरावॅन केरळ’ या नावाने असाच उपक्रम हाती घेतला. महाराष्ट्राच्या धोरणाचे मुख्य भाग दोन: कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क. गाडीत झोपण्याची व बसण्याची सोय, स्वयंपाकघर, शीतकपाट, स्वच्छतागृह असावे; वाहन ‘एआयएस-१२४’ या मानकाप्रमाणे असावे; व्यावसायिकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी; पार्कमध्ये पाणी, वीज, रस्ता व सांडपाण्याची व्यवस्था असावी आणि त्याबदल्यात कर-शुल्कांच्या सवलती मिळाव्यात, असा त्याचा साधारण आराखडा. धोरणाचा हेतू चांगला होता, वेळही बरी साधली होती. करोनाच्या साथीमुळे हॉटेलात उतरण्याची लोकांना तेव्हा धास्ती वाटत होती.

पण या आराखड्यात गृहीत धरलेला प्रवासी हा एका पार्कातून दुसऱ्या पार्कात जाणारा, भाड्याची गाडी चालकासह घेणारा ग्राहक आहे. म्हणजे चाकांवरचे हॉटेल एका विश्रामधामातून निघून दुसऱ्या विश्रामधामाच्या आवारात उभे राहणार. त्यात वावगे काहीच नाही. परंतु यात गाव कुठे येते? रस्त्यावरच्या खेड्याला या गाडीचा धुरळा तेवढा मिळणार. ज्या फ्रान्सचे उदाहरण वारंवार दिले जाते, तिथे ही गोष्ट नेमकी उलट्या टोकाकडून घडली आहे.

तिथे मोटारघर ही कायद्याच्या दृष्टीने मोटारच. जिथे मोटार उभी करता येते तिथे तीही उभी करता येते, आणि आत माणसे झोपली आहेत एवढ्याने तो गुन्हा ठरत नाही. बाहेर खुर्च्या मांडल्या, छत ताणले की मात्र तो तळ समजला जातो आणि तळाचे नियम वेगळे. रात्री थांबण्यास मनाई करायची असेल तर नगराध्यक्षाने तसा आदेश काढावा लागतो. म्हणजे मुभा हा नियम आणि बंदी हा अपवाद. या मुभेच्या जोडीला लहान लहान गावांच्या नगरपालिकांनी केलेली एक साधी सोय आहे. गावाच्या कडेला, बहुधा क्रीडांगणाशेजारी किंवा जुन्या बाजारतळावर, दहा-बारा गाड्यांपुरती मोकळी जागा. तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ, धुण्याभांड्याचे पाणी सोडण्यासाठी जाळी आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्यासाठी गटाराला जोडलेले तोंड. काही ठिकाणी हे फुकट, काही ठिकाणी किरकोळ पैसे. दिमाख काहीच नाही. परंतु सकाळी त्याच गाडीतले लोक गावातल्या भट्टीतून पाव घेतात, बाजारातून भाजी नि चीज घेतात, कुत्र्यासाठी औषध घेतात. गावाने एक नळ नि एक मोरी दिली आणि गावाचा बाजार जगला, असा हा सरळ व्यवहार आहे.

दुसरी कल्पना शेतकऱ्यांची. १९९३ मध्ये ‘फ्रान्स पॅशन’ या नावाने एक जाळे सुरू झाले. द्राक्षबागायतदार, पशुपालक, मध व चीज करणारे शेतकरी असे दोन हजारांहून अधिक यजमान आज त्यात आहेत. प्रवाशाने वर्षाची मार्गदर्शिका विकत घ्यायची, गाडीवर चिकटपट्टी लावायची आणि यजमानाच्या शेतावर चोवीस तासांपर्यंत विनामूल्य थांबायचे. यजमानाने काही द्यायचे नाही आणि पाहुण्याने काही विकत घेतलेच पाहिजे असेही नाही. अट मुख्यतः एकच: गाडी स्वयंपूर्ण असली पाहिजे, म्हणजे पाणी, शौचालय, कचरा सारे तिच्या पोटात. जाताना जमिनीवर चाकांच्या खुणांखेरीज काही उरता कामा नये. एवढ्या सैल कराराने ही व्यवस्था तीन दशके टिकली आहे, यामागे शेतकऱ्याचा भोळेपणा नाही. दारात आलेला पाहुणा पुष्कळदा काहीतरी विकत घेऊन जातो, हे तो जाणतो.

इथेच नाशिकचा पहिला अडसर आहे. फ्रान्सचा लहान बागायतदार द्राक्षे पिकवतो, वाइन करतो आणि ती स्वतःच्या तळघरातून विकतो. नाशिक जिल्ह्यातला बहुसंख्य बागायतदार खाण्याची द्राक्षे पिकवतो आणि ती व्यापाऱ्याला किंवा निर्यातदाराला देतो. वाइनची द्राक्षे लावणारा शेतकरीही बहुधा एखाद्या वायनरीशी करार करून माल तिच्या दारात पोचवतो. बाटली वायनरीची, चव घेण्याचे दालन वायनरीचे. सुला विनयार्ड्सने २००५ मध्ये नाशिकजवळ असे दालन उघडले आणि मग वाइन पर्यटनाचा बोलबाला झाला. तथापि त्या वाटेने येणारा पैसा मोजक्या आवारांत अडकून राहिला. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विक्रीस अनुमती देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा तो शेतकऱ्यांच्या हिताचा असल्याचे सांगण्यात आले. विरोधाच्या गदारोळात तो अमलात आलाच नाही. तो आला असता तरी दिंडोरीच्या दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या ओट्यावर काही विकले गेले असते असे नाही. त्याच्याकडे पाहुण्याला देण्यासारखे आहे ते म्हणजे पेटीभर द्राक्षे, बेदाणे, घरची भाकरी आणि पिठले. ते कमी मोलाचे नाही. पण तेवढ्यावर ‘फ्रान्स पॅशन’ उभे राहत नाही.

शिवाय द्राक्षबागेचे वेळापत्रक पाहुण्याला धार्जिणे नाही. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते आणि शरदात तोडणीला येते. नाशिकची वेल झोपत नाही. तिला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या लागतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये, पर्यटक येतात नेमक्या त्याच दिवसांत, बागेत तोडणी, विरळणी, प्रतवारी, मजूर आणि पेट्या यांची झुंबड असते. फवारण्या त्याआधीच्या महिन्यांत सतत चालू. निर्यातीच्या मालाला उर्वरित अंशांची चाचणी असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांवरून युरोपने नाशिकची द्राक्षे अडवली होती, त्याची आठवण अजून बुजलेली नाही. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेत जनावरांचा वावर नको, ही अटही शेतकऱ्याच्या कानावर वारंवार पडलेली असते. अशा बागेच्या बांधावर अनोळखी कुटुंबाने कुत्र्यासह रात्र काढावी म्हटले तर शेतकरी कपाळाला आठ्या घालेल आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. बागेऐवजी घराजवळचे खळे, गोठ्यामागची मोकळी जागा हीच त्यासाठी योग्य. काळ्या जमिनीत तर एक वळवाची सर झाली तरी तीन टनांची गाडी ओढून काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, हे वेगळेच.

दुसरा अडसर अधिक गंभीर आहे आणि त्याकडे धोरणकर्त्यांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. तो म्हणजे मैला. मोटारघराच्या शौचालयाची टाकी दोन-तीन दिवसांत भरते. ती कुठे रिकामी करायची? पार्क असेल तर तिथे. पण पार्क मोजके आणि दूर. खेड्यात गटारच नाही, शोषखड्डे आहेत. टाकीत दुर्गंधी मारण्यासाठी घातलेले रसायन शोषखड्ड्यातल्या जिवाणूंनाही मारते. शहरात तपोवन, आगर टाकळी अशी मलशुद्धीकरण केंद्रे आहेत; तिथे मोटारघरासाठी एक तोंड काढून देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ते होत नाही तोवर अंधारात ओढ्याकडे गाडी वळवण्याचा मोह कुणाला तरी होणारच.

आणि नाशिकमध्ये तो ओढा कुठे जाऊन मिळतो? शहराला पिण्याचे पाणी प्रामुख्याने गंगापूर धरणातून मिळते. पर्यटकांना सर्वाधिक ओढ आहे ती याच जलाशयाच्या काठाची. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे ग्रेप पार्क रिसॉर्ट तिथेच आहे, बोट क्लब तिथेच आहे, आसपास खासगी विश्रामगृहेही उभी राहिली आहेत. फ्रान्सच्या नगररचना संहितेत पिण्याच्या पाण्याच्या उपशाच्या ठिकाणापासून २०० मीटरच्या परिघात तळ ठोकण्यास आणि नवा तळ उभारण्यासही मनाई आहे; अपवाद करायचा तर वरिष्ठांची विशेष अनुमती लागते. समुद्रकिनारे आणि संरक्षित स्थळांनाही अशीच बंधने आहेत. ज्या देशाच्या मोकळेपणाचे आपल्याकडे कौतुक होते, त्या देशाने बंधन घालायचे तिथे ते किती नेमके घातले आहे, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे उलट स्थिती दिसते: एरवी रस्त्याकडेला रात्री उभ्या राहिलेल्या गाडीच्या काचेवर पोलिसाची काठी वाजते आणि धरणाच्या काठावर मात्र ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणून जाहिरात होते.

आता कुत्र्याविषयी. वरवर पाहता हा हौसेचा भाग वाटेल. परंतु अनेक कुटुंबांसाठी तोच प्रवासाचा निर्णायक मुद्दा असतो. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे घ्यावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाकावे लागते. बहुतेक हॉटेले दारातूनच नकार देतात. मग घरातल्या एकाने मागे राहायचे किंवा कुत्र्याला पैसे मोजून कुठेतरी ठेवायचे. मोटारघर ही अडचण एका फटक्यात सोडवते. युरोपातल्या निवृत्त जोडप्यांनी ते आपलेसे केले त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

मात्र तिथल्या कुत्र्याच्या गळ्यात जसा पट्टा असतो तसेच मालकाच्या खिशात पारपत्र असते. युरोपीय संघात २००४ पासून पाळीव प्राण्यांचे पारपत्र चालते. त्यात कातडीखालच्या सूक्ष्मपट्टीचा क्रमांक आणि रेबीजच्या लसीची नोंद असते. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून तिथली पारपत्रे निरुपयोगी ठरली आणि इंग्रज प्रवाशांना दर खेपेस पशुवैद्यकाचे नवे प्रमाणपत्र घेणे आले. भारतातून कुत्रा न्यायचा तर नियम आणखी कडक: लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि त्यानंतर तीन महिन्यांची प्रतीक्षा. हा जाच वाटेल. पण पाश्चरने १८८५ मध्ये रेबीजची लस प्रथम माणसाला टोचली त्या देशालाही रेबीजमुक्त व्हायला २००१ साल उजाडले. त्यासाठी जंगलातल्या कोल्ह्यांना आमिषातून लस द्यावी लागली. पुढे २००८ मध्ये बाहेरून आलेल्या एका कुत्र्यापायी तो दर्जा दोन वर्षे गमवावाही लागला. आपल्याकडे कुत्र्यामुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. महापालिका हद्दीत कुत्र्याचा परवाना लागतो. हद्द ओलांडली की तो कागद कुणी पाहत नाही. लसीची नोंद दाखवणाऱ्यालाच शेतावर थांबू द्यावे, एवढी साधी अट कृषी पर्यटन केंद्रांनी घातली तरी यजमान आणि पाहुणा दोघांचीही भीती पुष्कळ कमी होईल.

नाशिकच्या रात्रीला आणखी एक धनी आहे, तो म्हणजे बिबट्या. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या आत्रेया आणि सहकाऱ्यांनी केलेला, ‘ओरिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा माणसाच्या वस्तीतल्या प्राण्यांचा आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के होता. ऊस, मका आणि द्राक्षबागांच्या आडोशाने निफाड, सिन्नर, इगतपुरीत बिबट्या कायमचा वस्तीला आहे. गाडीच्या पायरीशी साखळीने बांधलेला शहरी कुत्रा म्हणजे त्याला वाढून ठेवलेले ताट. फ्रान्समध्येही १९९२ मध्ये इटलीकडून लांडगे परतले. तेव्हापासून आल्प्समधल्या मेंढपाळांनी पांढरे, थोराड राखणदार कुत्रे पुन्हा बाळगायला सुरुवात केली आणि ‘आपला कुत्रा घेऊन कळपाजवळ जाऊ नका’ अशा पाट्या वाटांवर लागल्या. इथे कोणत्याही कृषी पर्यटन केंद्राच्या जाहिरातीत बिबट्याचा उल्लेख सापडणे कठीण. गिऱ्हाईक बिचकेल ही भीती समजू शकते. पण अंधार पडल्यावर कुत्रा गाडीच्या आत, ही सूचना न दिल्याने होणारी बदनामी त्याहून महाग पडेल.

गंमत अशी की कुत्र्यासह बिऱ्हाड हलवत शेताशेतांत मुक्काम करण्याची रीत या मातीला परकी नाही. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरे, घोडी, कोंबड्या आणि कुत्री घेऊन कोकणाकडे उतरतात. त्यांचा वाडा ज्या शेतात रात्रभर बसतो त्या शेताला लेंडीखत मिळते आणि त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. कुठलीही नोंदणी न करता, कुठल्याही सवलतीविना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे आपले ‘फ्रान्स पॅशन’च. दख्खनच्या सडपातळ शिकारी कुत्र्याला ‘कारवान’ म्हणतात. काफिल्यांबरोबर आला म्हणून ते नाव पडले असे सांगतात. दरवर्षी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी पाहिली तर तंबू, भांडीकुंडी, शिधा वाहणारे दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याचे टँकर नाशिक-सिन्नरमार्गे पंढरपुरापर्यंत गावोगाव मुक्काम करीत जातात. कुठे उतरायचे, पाणी कोणी द्यायचे, हे गावाला ठाऊक असते. रात्रीच्या पाहुण्याला जागा देणे गावाला शिकवायला नको. त्या जागेला नळ आणि मोरी जोडायची राहिली आहे.

आणि ती जोडण्याची संधी नाशिकपुढे उभी आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि प्रमुख स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, असे वेळापत्रक जाहीर झालेले आहे. २०१५ च्या सिंहस्थात शहराबाहेर मोठे वाहनतळ उभारून यात्रेकरूंना तिथून एसटीने आत आणण्यात आले होते. पाणी, दिवे, शौचालये यांची तिथे तात्पुरती सोय झाली. पर्वणी संपली, मांडव उतरले, जागा पूर्ववत झाल्या. साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हा तात्पुरत्या सोयीसाठी कायमची किंमत का मोजायची हाच त्यांचा सवाल होता. तो उलटही विचारता येतो: तात्पुरत्या सोयीतले काही कायमचे का राहू नये? बाह्य वाहनतळांपैकी चार-दोन ठिकाणी, त्र्यंबक, सिन्नर, दिंडोरी आणि मुंबईच्या वाटांवर, गटाराला जोडलेले एक तोंड, एक नळ आणि वीस गाड्यांपुरती फरसबंदी मागे ठेवली, रात्रभर थांबण्याची मुभा फलकावर स्पष्ट लिहिली आणि देखभाल ग्रामपंचायतीकडे देऊन शुल्कही तिच्याच पदरात टाकले, तर त्यासाठी वेगळ्या पार्कची वाट पाहावी लागणार नाही. यात्रेकरूंच्या बसचा चालक, मालट्रकवाला, दिंडीचा ट्रक आणि कुत्र्यासह आलेले मुंबईचे कुटुंब या सर्वांना ती जागा सारखीच उपयोगी पडेल. किंबहुना मोटारघरे फारशी आली नाहीत, तरी ट्रक केबिनमध्ये रात्र काढणाऱ्या चालकाला निदान आंघोळीची जागा मिळेल.

कॅराव्हॅन पार्कसाठी सवलत मागणारे अर्ज पर्यटन संचालनालयाकडे जातात. रस्त्यावरच्या गावाने नळ-मोरीच्या तळासाठी अर्ज कुठे करावा, याचे उत्तर मात्र पर्यटन, ग्रामविकास आणि महसूल या तीन खात्यांच्या मध्ये कुठेतरी अडकून पडते. सिंहस्थाच्या कामांचे आराखडे अंतिम होत असताना ते एका टेबलावर आणणे जिल्हा प्रशासनाच्या हाती आहे.